रेमीबाई आणि पाहुणा मणी

रेमीबाई गेल्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, लंडनच्या हॅरो भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मृतावस्थेत सापडल्या. वय एकाहत्तर. कारण हृदयविकार, असं नंतर सांगण्यात आलं. बैठकीच्या खोलीत गालिचा नव्हता. तो त्यांनी आदल्या दिवशी स्वतः उचकटला होता आणि गुंडाळी करून, दोरीने बांधून दाराबाहेर ठेवला होता. कौन्सिलची माणसं तो न्यायला आली. एका सहीसाठी त्यांनी बेल वाजवली, पण दार उघडलं नाही. मी समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. त्यांची जादा किल्ली माझ्याकडे असे. दार मी उघडलं.

घरात एकही मणी नव्हता. हे मुद्दाम लिहायचं कारण असं, की त्या आधीच्या दिवाळीपर्यंत त्या घरात मण्यांशिवाय दुसरं फारसं काही नव्हतं.

रेमीबाई मूळच्या नायजेरियातल्या इबादानच्या, योरुबा. लग्न होऊन लंडनला आल्या, नवरा लवकर गेला, निवृत्त होईपर्यंत भुयारी रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाइनवरच्या एका स्टेशनवर तिकीट तपासायच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. एक मुलगी, तोयिन. ती मेडनहेडला असते, एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पक्कं माहीत असलेलं चरित्र एवढंच. बाकी सगळं त्यांच्या टेबलाशी बसून पाहिलेलं आणि ऐकलेलं आहे.

ते जेवणाचं टेबल होतं, पण त्याच्यावर कुणाला जेवताना मी पाहिलं नाही. खिडकीला लावलेलं असे. वर मफिन भाजायचे पत्र्याचे साचे, आणि प्रत्येक खळग्यात एका रंगाचे काचेचे बारीक मणी. बांगड्या, कानातली, पैंजण, चष्म्याच्या साखळ्या, पर्सचे बंद असं सगळं त्या हाताने ओवत. शनिवारी एका हॉलमध्ये हस्तकलेचा बाजार भरे, तिथे त्यांचं टेबल लागायचं. बाजारात गिऱ्हाईक फार जवळ येऊन वाकलं की त्या स्टेशनवरच्या आवाजात म्हणत, "मागे व्हा, दारं बंद होतायत." लोक खरंच मागे होत.

सुई त्या स्वेटरच्या कॉलरमध्ये खोचून ठेवायच्या. मनगटाचं माप टेपने घेत नसत. दोन बोटं मनगटाभोवती फिरवायच्या आणि आकडा सांगायच्या. आणि ओवताना मणी खाली पडला तर उचलायच्या नाहीत. मी पहिल्यांदा वाकले तेव्हा त्यांनी हात धरला. म्हणाल्या, राहू दे, तो आपण होऊन गेलाय, त्याला यायचं तेव्हा येईल. गालिचा जाड होता, तपकिरी, लांब लोकरीचा. त्यात किती मणी गेले असतील याचा विचार तेव्हा कुणी केला नाही.

मी पुण्यात वर्तमानपत्रात होते आणि इथेही बातम्यांचंच काम करते, हे कळल्यापासून त्या मला "न्यूज" म्हणत. माझं नाव त्यांना नीट येत होतं. पण दारावर टकटक झाली की आवाज यायचा, "न्यूज, चहा झालाय." मी त्यांना आंटी म्हणत असे.

रंगांबद्दल त्यांनी मला जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत समजून घेतलं आहे, वेगळी खातरजमा केलेली नाही. योरुबा भाषेत रंगांची मुख्य घराणी तीन. फुनफुन म्हणजे पांढरा, आणि त्याच्याबरोबर चांदी, पारदर्शक काच, जे जे थंड ते. पुपा म्हणजे लाल, त्यातच पिवळा आणि केशरी, जे जे तापलेलं ते. दुदू म्हणजे काळा, आणि निळा, हिरवासुद्धा त्याच्याच पोटात. प्रत्येक ओरिशाचे, म्हणजे देवतेचे, आपापले रंग ठरलेले. ओबाताला सगळ्यांत वडील, त्याचा निव्वळ पांढरा. शांगो विजेचा, लाल-पांढरा. ओशुन नदीची, तिचा पिवळा, मधाचा आणि पितळेचा. एशू चव्हाट्यावरचा, वाटा उघडणारा आणि अडवणारा, त्याचा लाल आणि काळा. रेमीबाईंची आजी ओशुनची उपासक होती. रेमीबाई स्वतः मिशनच्या शाळेत शिकल्या, बाप्तिस्मा झालेला, ओरिशाची दीक्षा त्यांनी कधी घेतली नाही. म्हणून त्यांचा एक नियम होता. तो सगळ्या योरुबांचा नाही, त्यांचा स्वतःचा.

देवतेची खरी माळ दीक्षा घेतलेल्या माणसाला त्याचे वडीलधारे देतात. ती विकत मिळत नाही. मग पिवळ्या मण्यांची बांगडी बाजारात विकायची आणि ती ओशुनची माळ होऊ द्यायची नाही, हे कसं जमवायचं? रेमीबाई प्रत्येक सरात एक मणी मुद्दाम परक्या रंगाचा घालायच्या. पिवळ्यात एक निळा. पांढऱ्यात एक हिरवा. त्याला त्या "पाहुणा" म्हणत. पाहुणा घरात असला की घर पूर्ण कुणाचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. चूक झालीय म्हणून वस्तू परत आणणारं गिऱ्हाईक दर शनिवारी एखादं तरी असायचं. त्याला त्या शांतपणे सांगायच्या, "हे दुकान आहे, देऊळ नाही."

लिमयेकाकूंचं प्रकरण यातूनच झालं. काकू पिनरला राहतात, इथे येऊन चाळीसेक वर्षं झाली, फार्मसिस्ट होत्या. त्यांचं मंगळसूत्र एका सकाळी मानेशी वाढलं आणि काळे मणी किचनभर झाले. इथे गाठवून द्यायला पटवेकरी कुठला? मी रेमीबाईंचं नाव सुचवलं. काकूंनी वाट्या, उरलेले काळे मणी आणि मधली चार पोवळी डबीत घालून आणून दिली. काकांचं हृदयाचं ऑपरेशन दोन दिवसांवर आलं होतं. गळा मोकळा ठेवून आपण हॉस्पिटलमध्ये जाणार नाही, असं काकूंनी बजावून सांगितलं होतं.

रेमीबाईंनी मंगळसूत्र दुसऱ्या दिवशी दिलं. काकू घरी पोचल्या आणि तासाभरात परत आल्या. आधी माझी बेल वाजवली.

"अगं, हे बघ काय करून ठेवलंय हिने. पांढरा मणी! माझ्या मंगळसूत्रात!"

वाटीपासून तिसरा, पोवळ्याला लागून, एक पांढरा मणी होता. आम्ही समोर गेलो. रेमीबाईंनी ऐकून घेतलं आणि उलट काकूंनाच विचारलं की तुम्ही हे लाल आणि काळं एकत्र कसं घालता, तेही लग्नाचं म्हणून. लाल-काळं एशूचं आहे. एशूला वाटेत आणायचा आणि नवऱ्याला ऑपरेशनला पाठवायचं, हे त्यांना बरं दिसलं नाही. म्हणून पाहुणा, आणि तोही ओबातालाच्या रंगाचा, थंड.

काकू खुर्चीवर बसल्या. इंग्रजीत म्हणाल्या, "रेमी, तुझा हेतू मला कळला. आमच्याकडे पांढरं केव्हा येतं ते तुला माहीत नाही. काढ तो."

रेमीबाईंनी कात्री घेतली. तेव्हा काकू ओरडल्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मंगळसूत्राच्या दोऱ्याला कात्री लावायची नाही. मणी ठेवता येत नाही, दोरा तोडता येत नाही. मग रेमीबाईंनी ड्रॉवरमधून बारीक पक्कड काढली, मंगळसूत्र टॉवेलवर ठेवलं, पांढऱ्या मण्याच्या भोकात दोऱ्याच्या बाजूने सुई सरकवली, आणि पकडीने मणी फोडला. काच टॉवेलवर पडली. दोरा शाबूत राहिला. तिथे मण्याएवढी जागा रिकामी दिसू लागली.

"ही जागा?" काकूंनी विचारलं.

"तो उठून गेला. जागा त्याची राहिली," रेमीबाई म्हणाल्या. "ती मी भरणार नाही."

काकूंनी मंगळसूत्र गळ्यात घातलं. ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर काकू दर बुधवारी बसने हॅरोला यायला लागल्या, कधी चकल्या घेऊन, कधी नुसत्याच. त्या रेमीबाईंना सुया ओवून द्यायच्या. माझी नजर तुझ्यापेक्षा धड आहे, असं ऐकवायच्या. रेमीबाई म्हणायच्या, औषधाच्या बाटल्यांवरचं बारीक वाचून वाचून झाली असेल.

पुढच्या नवरात्रात काकूंनी आणखी काही बायकांना गोळा केलं. नऊ दिवसांच्या नऊ रंगांच्या नऊ बांगड्या, अशी ऑर्डर. रेमीबाई खूश होत्या. नऊ हा आकडा ओयाचा, वाऱ्याच्या देवीचा, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, तुमचे रंग कोणते. काकूंनी फोन पुढे केला. रेमीबाईंनी यादी पाहिली आणि मागच्या वर्षी पहिल्या दिवशी वेगळा रंग पाहिल्याचं आठवून विचारलं, हे दर वर्षी बदलतं का. हो, बदलतं. कोण बदलतं?

शेवटी एक जण म्हणाली, "पेपरात येतं."

रेमीबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. "म्हणजे देवीला काय नेसवायचं ते न्यूज ठरवते?"

मी म्हटलं, मी त्या खात्यात नव्हते. पुढचे नऊ दिवस त्या मला दारात गाठून विचारत होत्या, आज देवीचा विचार काय आहे. बांगड्या मात्र त्यांनी वेळेत दिल्या आणि त्यांत पाहुणा घातला नाही. दर वर्षी रंग बदलणाऱ्या देवीला पाहुण्याची गरज नाही, असा त्यांचा निर्णय झाला होता.

तोयिन या सगळ्यात कधीच नव्हती.

तिच्याबद्दल लिहिताना सावध राहायला हवं, कारण रेमीबाईंनी तिच्याविरुद्ध एक शब्दही कधी काढला नाही. तोयिन मेडनहेडच्या एका चर्चमध्ये जाते. लग्नानंतर तिचे दोन गर्भ टिकले नाहीत. दुसऱ्या वेळेनंतर प्रार्थनेच्या गटात कोणीतरी तिला म्हणालं, की तुझ्या आईच्या घरात मूर्तिपूजेच्या वस्तू आहेत आणि त्या जोवर आहेत तोवर तुझ्या पोटावर सावली राहील. तोयिनने ते मानलं. दुःखात माणूस काय मानतो, हे बाहेरून ठरवता येत नाही. तेव्हापासून ती हॅरोच्या फ्लॅटमध्ये आली नव्हती. मायलेकी महिन्यातून एकदा ईलिंगला, दोघींना सोयीच्या एका कॅफेत भेटायच्या. रेमीबाई जाताना अंगावर एकही मणी ठेवत नसत, सुईसुद्धा कॉलरमधून काढून टेबलावर ठेवून जायच्या.

दिवाळीच्या सुमारास त्या ईलिंगहून परत आल्या आणि कोट न काढता माझ्याकडे येऊन बसल्या. तोयिनला पाचवा महिना होता. आत्तापर्यंत तिने सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, आणि एक अट घातली. घरातले सगळे मणी जायला हवेत. ते झालं तर ती घरी येईल, आणि बाळ झाल्यावर बाळाला घेऊन येईल, आईला मेडनहेडला राहायलाही नेईल. नाही झालं तर बाळाला त्या घराचं काहीही लागू देणार नाही. आईचे हातसुद्धा नाही.

मी विचारलं, तुम्ही तिला काय सांगितलंत.

"हो म्हटलं," रेमीबाई म्हणाल्या. "यात विचार करण्यासारखं काय आहे?"

लिमयेकाकूंना बुधवारी कळलं. त्यांनी लगेच उपाय काढला. सगळं माझ्या लॉफ्टमध्ये ठेव, हवं तेव्हा घेऊन जा, तोयिनला कशाला कळतंय.

"तिने विचारलं तर?"

"तर सांग टाकले म्हणून."

"मी तिच्याशी खोटं बोलत नाही," रेमीबाई म्हणाल्या. "म्हणून तर ती अजून ईलिंगपर्यंत येते."

काकूंनी पर्स उचलली. घरी जाताना जिन्यात मला म्हणाल्या, "एवढं सरळ वागून कुणाचं भलं झालंय का गं?"

तोयिनच्या चर्चमधून निरोप होता की अशा वस्तू जाळायच्या असतात. रेमीबाईंनी कळवलं, काच जळत नाही. शाळेला देऊ का, मुलांना हस्तकलेला होतील, असं विचारलं. मुलांना नको, असं उत्तर आलं. मग त्यांनी कौन्सिलला फोन केला. फोनवरच्या मुलीने सांगितलं, काचेच्या रीसायकलिंगमध्ये फक्त बाटल्या आणि बरण्या. मणी म्हणजे नक्की काय, असंही तिने विचारलं. रेमीबाईंनी तिला बराच वेळ समजावून सांगितलं. शेवटी ठरलं, साध्या कचऱ्यात.

पण तयार माळा, बांगड्या तशाच टाकायला त्या तयार नव्हत्या. ओवलेलं होतं ते सगळं त्यांनी आधी सुटं केलं. नोव्हेंबरचा बराचसा भाग त्यातच गेला. टेबलाशी बसून एकेक सर कापायचा, मणी बादलीत ओतायचे. रंग मिसळत गेले. वरून पाहिलं तर सगळं मिळून राखाडी तपकिरी दिसत होतं. काकू बुधवारी येत, पण हात लावत नसत, नुसत्या समोर बसत. एकदा मी रेमीबाईंना विचारलं, वाईट वाटतंय का. त्यांनी कात्री थांबवली नाही. म्हणाल्या, निवृत्तीच्या दिवशी स्टेशनचा गणवेश परत केला तेव्हा जसं वाटलं तसं वाटतंय. हात हलके झाले आणि कुठे ठेवायचे कळेना.

मण्यांच्या पिशव्या रेमीबाईंनी आणि मी खाली नेल्या. काच जड असते. एकेक पिशवी मधे मधे टेकवावी लागत होती. कचऱ्याची गाडी आली तेव्हा रेमीबाई खिडकीत होत्या. पिशव्या आत पडल्या तेव्हा मोठा आवाज झाला, वाळूचा ट्रक ओतावा तसा. गाडीवरच्या माणसाने वर पाहिलं. रेमीबाईंनी त्याला हात केला.

नाताळात तोयिनला डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हणून सांगितलं. ती जानेवारीत आली. सातवा महिना संपत आला होता, नवऱ्याने तिला गाडीने आणून सोडलं आणि तो पार्किंग शोधायला गेला. मी तेव्हा जिन्यात होते, दुकानातून येत होते. रेमीबाईंनी दार उघडं ठेवलं होतं. घरात त्यांनी जोलोफ, त्यांच्याकडचा टोमॅटोतला भात, केला होता, वास खालपर्यंत येत होता. तोयिन दारात थांबली, भिंती पाहिल्या, टेबल पाहिलं. टेबलावर ताटं मांडलेली होती. तिने भिंतीला धरून बूट काढले आणि आत पाऊल टाकलं. तिसऱ्या की चौथ्या पावलाला ती थबकली. भिंतीला हात लावून तिने पाय वर केला आणि तळव्याला चिकटलेलं काहीतरी काढलं.

तळहातावर निळा मणी होता.

"मम, तू म्हणाली होतीस एकही नाही."

"नव्हता."

"मग हा काय आहे?"

रेमीबाईंनी वाकून पाहिलं. "मणी आहे," त्या म्हणाल्या.

तोयिन रागावली नाही, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. तिचा चेहरा घाबरलेला होता. एक हात पोटावर गेला होता. मला हे जमणार नाही, मम, माफ कर, असं ती दोनदा म्हणाली आणि बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. बूट घालायला तिला वाकता येत नव्हतं. रेमीबाई बाहेर आल्या, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या, तिच्या पायात बूट घातले आणि नाड्या बांधल्या. डाव्या बुटाची गाठ सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा बांधली. तोयिनने आईच्या खांद्यावर हात ठेवला होता. मग ती खाली गेली. नवऱ्याला गाडी लावायला जागा अजून मिळाली नव्हती, तो रस्त्यातच होता. भात रेमीबाईंनी मला आणून दिला. त्या स्वतः जेवल्या की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर महिनाभर त्या जमिनीवर होत्या. आधी व्हॅक्यूम. रोज व्हॅक्यूमची पिशवी उघडून बघायच्या, आणि रोज तिच्यात काही ना काही सापडायचं. मग कंगवा घेतला, गालिच्याची लोकर ओळीने विंचरायला लागल्या. काकूंनी सांगून पाहिलं की गुडघ्यांची वाट लागेल, श्वास लागतोय तुला, डॉक्टरला दाखव. त्या एकदा जाऊन आल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या घेत होत्या. पडलेले मणी उचलायचे नाहीत हा नियम त्यांनीच केला होता, आणि त्याबद्दल त्या एकदाच बोलल्या. "इतकी वर्षं म्हणत होते, यायचं तेव्हा येतील. आले."

फेब्रुवारीत तोयिनचा फोन आला. येत्या रविवारी चर्चनंतर ती परत एकदा येऊन बघेल, नवराही वर येईल. रेमीबाईंनी फोन ठेवला आणि गालिचाच काढायचं ठरवलं.

गालिचा काढला तो सोमवार होता. मी दुपारी कामातून उठले तर बाहेर गुंडाळी उभी होती आणि त्यांचं दार उघडं होतं. आत नुसत्या फळ्या. कडेने गालिचा धरून ठेवणाऱ्या खिळ्यांच्या पट्ट्यासुद्धा त्यांनी उपटल्या होत्या. फळ्यांच्या फटी टूथब्रशने साफ करून त्यांनी जमीन दोनदा पुसली होती. घामाने स्वेटर भिजला होता.

"न्यूज, मोजे काढ," त्या म्हणाल्या.

मी काढले.

"आता चाल. सगळीकडे. कोपऱ्यातसुद्धा. माझ्या तळव्यांना आता काही कळत नाही."

मी चालले. खिडकीपासून दारापर्यंत, टेबलाखालून, रेडिएटरच्या कडेने, किचनच्या उंबऱ्यापर्यंत आणि परत. जमीन गार होती. त्या दाराच्या चौकटीला टेकून माझ्या पायांकडे बघत होत्या.

"काही लागलं?"

"नाही, आंटी."

"नक्की? छापशील असं?"

"छापेन."

त्यांनी मान हलवली आणि मला जायला सांगितलं, त्यांना आंघोळ करायची होती. जिवंतपणी मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तेव्हा त्या खिडकीजवळ, कुशीवर होत्या. अंगावर स्वच्छ कपडे होते. पायांत काही नव्हतं.

तोयिन त्याच दुपारी आली. रेमीबाईंना तोवर नेलं होतं. तिला बूट काढायचे होते, नवऱ्याने काढून दिले. कुठे, एवढंच तिने मला विचारलं. मी खिडकीजवळची जागा दाखवली. ती फळ्यांवरून चालत तिथपर्यंत गेली आणि उभी राहिली. मग तिने गालिच्याबद्दल विचारलं. मी सोमवारी जे झालं ते क्रमाने सांगितलं. माझं सांगून झाल्यावर तिने पुन्हा विचारलं, "एकही नाही?" मी म्हटलं, एकही नाही. ती खाली बसू पाहत होती, पण खुर्ची दूर होती. नवऱ्याने आणून दिली.

अंत्यविधी मेडनहेडला झाला, तोयिनच्या चर्चमध्ये. लिमयेकाकू आणि मी ट्रेनने गेलो. पास्टर रेमीबाईंच्या स्टेशनवरच्या नोकरीबद्दल बोलले, त्यांच्या श्रद्धेबद्दल बोलले. मण्यांचा उल्लेख झाला नाही. परतीच्या वाटेवर ईलिंग आलं तेव्हा काकू बाहेर पाहून म्हणाल्या, "इथेच भेटायच्या ना त्या?" मी हो म्हटलं.

तोयिनला मार्चच्या शेवटी मुलगी झाली. बाळ आणि आई दोघी सुखरूप. ते तिने मला फोन करून कळवलं. तो बुधवार होता आणि काकू माझ्याकडे आलेल्या होत्या, म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला. नाव आणि त्याची अक्षरं विचारून घ्यायची सवय मला कामामुळे आहे. तोयिनने नाव सांगितलं, येतुंदे, आणि अक्षरं सावकाश सांगितली. काकूंनी अर्थ विचारला.

तोयिन म्हणाली, योरुबांमध्ये आजी गेल्यावर घरात जी मुलगी जन्मते तिला हे नाव ठेवतात. अर्थ, आई परत आली.

चर्चमध्ये चालतं का, असं काकूंनी विचारलं. तोयिनने सांगितलं, पास्टरांनी जोडीला एक बायबलमधलंही नाव सुचवलं होतं. ते दुसरं नाव तिने ठेवलेलं नाही.